शंभर, मध, हातोडा आणि माझी वही

पन्नाशी उलटली तरी मी इतकी बावळट होते, की फिनिश भाषेतले चार शब्द हाती लागल्यावर मला वाटलं, आपल्याच ऋषींनी तिकडे जाऊन शाळा काढली असणार. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. लंडनमध्ये स्टॅनमोरच्या लायब्ररीत माझ्याबरोबर एक फिनिश बाई कामाला होती. चहा पिताना ती सहज म्हणाली, आमच्याकडे शंभराला ‘सता’, मधाला ‘मेसी’, हातोड्याला ‘वसारा’. शत, मधु, वज्र! माझं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

वर्षभरात अशा शब्दांनी वही भरली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाआधी अर्धा तास भाषण असतं, ते मला करायचं होतं. वीस वर्षं मंडळाच्या हॉलमध्ये मी फक्त मसालेभात केला होता. कमिटीत माझी जिवलग मैत्रीण होती. तिला फोनवर रोज भाषण ऐकवायचे. “अगं, वहीच दे ना दोन दिवस, नीट वाचते,” ती म्हणाली. दिली. वर चकल्याही दिल्या. काय ते प्रेम!

गणपतीच्या दिवशी भात उतरवून हॉलमध्ये येते, तर माइकवर ती. शब्द माझे, विनोद माझे, हशासाठी थांबायच्या जागासुद्धा माझ्या. “आपल्या पूर्वजांनी जगाला भाषा शिकवली!” टाळ्या. हे मूर्ख वाक्यही माझंच.

मी तशीच पुढे झाले. “एक शब्द राहिला. आपला ‘आर्य’ तिकडे ‘ओर्या’ झाला. अर्थ, गुलाम. आणि हे शब्द संस्कृतातून गेलेच नाहीत. संस्कृतच्याही आधीच्या बोलीतून गेलेत.”

“वहिनी, बाप्पासमोर हे काय बोलताय?” अध्यक्ष म्हणाले.

मैत्रीण माइकमध्येच ओरडली, “हे वहीत नव्हतं!”

सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला. कोणाची वही, ते आता सांगायची गरज नव्हती.

नव्हतंच ते वहीत. फिनिश बाईनं दोनदा सांगूनही मी लिहिलं नव्हतं. मला टाळ्या हव्या होत्या ना!

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

“वीस वर्षांची मैत्री,” ती रडत म्हणाली, “आणि तू मला अर्धीच वही दिलीस?”

मी फोन ठेवला. तिनं पुन्हा केला नाही, मीही नाही.