सायकल तंजावूरला, कुलपात

ब्लॉग वगैरे नव्हते तेव्हाची, नव्वदीतली ही सहल. पुण्यात नव्या खासगी कंपन्या भराभर उघडत होत्या. मीही सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन एकीत निवडला गेलो होतो. फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती. पंधरा वर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवणारा गडी मी. डॉक्टरांवर छाप पाडायची म्हणून आधीचे दोन महिने दर पहाटे शंभर किलोमीटर हाणले. अहवाल आला: नाडी चव्वेचाळीस, हृदय मोठं, त्याची भिंत जाड. नेमणूक तीन महिने स्थगित. माझं धाबं दणाणलं.

बायकोचे भीमरावमामा तंजावूरला हृदयाचे डॉक्टर. त्यांना दाखवायला आम्ही दोघं निघालो, आणि सायकलही रेल्वेच्या सामानाच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये टाकली. कावेरीकाठ पाहायचा तर सायकलीवरूनच, हा माझा हट्ट. (मद्रासला गाडी बदलताना सायकल स्वतः उतरवून घ्या.)

मामांचं घराणं मराठी राजवटीत तिकडे गेलेलं. मराठी जुनी, हेल तमिळ. माझ्या एका हातात फिल्टर कॉफी देऊन त्यांनी दुसऱ्या हाताची नाडी धरली. मग जिना चढायला लावला. चक्कर येते का, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का, सगळं विचारलं. मी दोन महिन्यांची तयारी ऐटीत सांगितली.

"तपासणीस जाण्याआधीं तेवढा जोर काढलास, तेंच नडलें," मामा म्हणाले. "वर्षानुवर्षें राबवलें तर हृदयही दंडासारखें भरतें. एका ठोक्यास जास्त रक्त, म्हणून ठोके कमी."

"म्हणजे आजार नाही?"

"तें आज सांगणार नाहीं. आजारानेंही भिंत जाड होते. दोन महिने सायकल सोड. व्यायामाचें असेल तर उतरेल. नाहीं उतरलें तर मग बोलूं."

मामींनी सायकल कोठीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

मग काय, बस. कावेरीकाठच्या तिरुवैयारूला टाउन बसनं जेमतेम अर्धा तास, खिडकी पकडा. दोन्हीकडे भातशेतं, कालवे, आणि सगळा मुलूख तळहातासारखा सपाट. त्यावरून मास्तर, फुलवाल्या, कॅरिअरला केळीचा घड बांधलेले आजोबा, सगळे सायकलवर. जळफळाट झाला नुसता. नदीच्या पायऱ्यांवर बसलो. मागच्या घरातून गाण्याची शिकवणी ऐकू येत होती आणि मी मनगट धरून ठोके मोजत होतो. खरं सांगतो, भीती वाटत होती.

"मोजून नाडी वाढणार आहे का?" बायको म्हणाली, आणि माझा हात तिनं स्वतःच्या हातात घेतला.

तंजावूरचं मोठं देऊळ संध्याकाळी पाहा, दगड निवल्यावर. अनवाणी चालायचं असतं. स्टँडजवळ केळीच्या पानावर पोटभर जेवण पंधरा रुपयांत मिळालं. निघताना किल्ली मागितली.

"दोन महिने झाले कीं ये," मामी म्हणाल्या.

पुण्यात दोन महिने पायी मंडईच्या पुढे गेलो नाही. पुन्हा तपासणी झाली: नाडी छप्पन्न, भिंतीची जाडी उतरलेली, नेमणूक पक्की. नाडी वाढली म्हणून पेढे वाटणारा मी पहिलाच असेन. एसटीडी बूथवरून तंजावूरला फोन लावला. मामींनी उचलला.

"मामा घरीं नाहींत. तुझी सायकल काढून तिरुवैयारूस गेलेत. रोजच जातात. आल्यावर त्यांची नाडी मी मोजतें."

सायकल परत मागितली नाही, दुसरी घेतली. पहिल्याच रविवारी कात्रजचा घाट अर्ध्यावर सायकलवरून उतरून ढकलत चढलो. धाप लागली होती, आणि तेवढी बरी वाटलेली धाप मला पुन्हा कधी लागली नाही.