फुईने तेरड्याचा शेंडा खुडला

रानातला तेरडा घरी वाढवायला अक्कल लागत नाही, असं म्हणणाऱ्याला मी शहाद्याला आमच्या अंगणात आणून उभं करीन, आणि त्याच्या शेजारी माझ्या फुईला. फुई म्हणजे माझी आत्या. ब्राह्मणपुरीची, जन्मभर कपाशीत राबलेली.

तोरणमाळच्या उतारावर पावसाळ्यात तेरडा कोणी न लावता नुसता उधळलेला असतो. तिथून बी आणून आमच्या कोपऱ्यात टाकलं, की याचे नखरे सुरू. ऊन लागलं, टाकली मान. पाणी जरा जास्त झालं, कुजलं खोड. शेवटी बायकोने निकाल दिला: यंदा बी धरलं नाही, तर कोपऱ्यात फरशी आणि फरशीवर माझी स्कूटर.

यंदा एकच झाड जगलं. फिकट गुलाबी फुलं आली, मग पोपटी, फुगीर बोंडं. ती पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटतात आणि बी उडवतात. म्हणून रोज सकाळी मी डॉक्टरसारखा वाकून त्यांची तब्येत बघायचो. आता बोंडांना कागदाची पुडी बांधायची, एवढं ठरवलं, तोच फुई मुक्कामाला आली.

"फुई, त्या झाडले हात नको लावजो."

"मी काय येडी शे?"

मी आंघोळीला गेलो. डोक्यावर पाणी घेतो न घेतो, तर बाहेर किंकाळी! टॉवेल गुंडाळून धावलो. कोपरा खुरपून वावरासारखा भुसभुशीत, झाडाचा शेंडा गायब, आणि फुई बोटं झटकत उभी.

"मीच शेंडा खुडी टाका. कपाशीना खुडतस ना, तसा. आते फुटवा येई. पन हाई काय व माय, बोंडं अंगवर उडनात!"

एक बोंड शाबूत नव्हतं. मी तसाच ओल्या अंगाने गुडघ्यांवर बसलो आणि काळ्या मातीत काळपट बी शोधू लागलो. सापडतंय कसलं!

बायको फोन घेऊन दारात. "फरशीवाल्याला बोलावू?"

"कसानी फरशी?" फुई कडाडली. "मन्हा हातनी पेरनी शे ती. पुढला पावसाया लगून कोनी हात लावाना नही!"

आतेसासूचा हुकूम! बायकोने फोन ठेवून दिला. कोपरा वाचला. पण आता तो माझा राहिला नाही. दर चार दिवसांनी ब्राह्मणपुरीहून फोन: शेणखत टाकलं का, बकरी तर शिरली नाही ना? काल तर म्हणाली, "पेर दाट पडेल शे. विरळनी कराले मीच येसू."