वरच्या पायरीवरचं रीडिंग

"हे कुठल्या भाषेतले आकडे आहेत?" वॉल्टरनं विचारलं.

ह्यूस्टनच्या ऑफिसमधली कॉन्फरन्स रूम. टेबलावर माझी फील्डची वही उघडी होती. वॉल्टर माझा बॉस. त्याचं बोट पानाच्या तळाशी थांबलं होतं. त्या पानावर दोनच रीडिंग होती. वरचं इंग्रजी आकड्यांत, खालचं देवनागरीत.

"मराठी," मी म्हटलं. "तीस पॉईंट दोन."

"अक्षर तुझं नाही."

"वडिलांचं आहे."

वॉल्टरनं बोट उचललं. काय झालं होतं ते सगळ्या ऑफिसला माहीत होतं. निदान मी सांगितलं होतं तेवढं माहीत होतं. मग तो म्हणाला, "सॉरी, सुधीर. पण आपल्याला हवं होतं ते हेच रीडिंग आहे."

त्याचं बरोबर होतं. ते का हवं होतं, ते सांगायचं तर आधी माझं काम सांगायला हवं.

मी कूलिंग टॉवरचा इंजिनिअर. कारखान्यातलं गरम पाणी टॉवरमध्ये उंचावरून पावसासारखं सोडतात आणि मोठ्या पंख्यानं त्यातून हवा ओढतात. थोड्या पाण्याची वाफ होते, उरलेलं गार होतं. माठातलं पाणी असंच गार होतं. नागपूरचा वाळ्याचा कूलरही असाच चालतो. अट एकच, हवा कोरडी पाहिजे. हवाच भिजलेली असेल तर ती आणखी पाणी उचलणार कुठून?

हवा किती भिजली आहे ते ओळखायला आमच्याकडे एक साधं उपकरण असतं. दोन थर्मामीटर शेजारी शेजारी, त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं. दांड्याला धरून ते गोफणीसारखं गरगर फिरवायचं. ओल्या थर्मामीटरवर येतो त्या आकड्याला वेट बल्ब म्हणतात. त्या आकड्याच्या खाली कुठलाही टॉवर पाणी गार करू शकत नाही, केवढाही बांधा. माणसाच्या अंगावरचा घामही या नियमाबाहेर नाही. पण हे वाक्य आमच्या मॅन्युअलमध्ये नसतं.

आमच्या कंपनीनं चीनमधल्या नानजिंग शहरात एका खतकारखान्याला टॉवर पुरवला होता. तो सुरू करून द्यायला मी जूनमध्ये तिथं गेलो. आम्ही हवेचा वेट बल्ब अठ्ठावीस धरून डिझाइन केलं होतं. जुलैत टॉवर दोन डिग्री कमी पडायला लागला. कारखान्याचे चीफ इंजिनिअर मिस्टर चेन, साठीला आलेले, बारीक, शांत. ते रोज तेच म्हणायचे, "तुमचा टॉवर सदोष आहे." मी रोज म्हणायचो, "तुमची हवा जास्त ओली आहे."

"हवा ओली नाही," चेन म्हणायचे. "तुमचा टॉवर स्वतःचीच वाफ परत आत ओढतो. म्हणून इथं मोजलं की आकडा वर येतो. कारखान्यापासून लांब, उंचावर, मोकळ्यावर मोजा. तिथंही अठ्ठावीसच्या वर आला, तर मी सही करतो."

मुद्दा रास्त होता. मी मनात टिपून ठेवला.

त्याच आठवड्यात माझं कुटुंब तिथं पोचलं. माझी बायको मंदा, अकरा वर्षांची अनघा आणि बाबा. बाबा नागपूरला शाळेत विज्ञान शिकवायचे. रिटायर होऊन दहाएक वर्षं झाली होती. आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, आमच्या घरी आणलं होतं. तिथं ते कंटाळले. "अमेरिकेत पार्किंग लॉट सोडून काही आहे का रे?" असं मला विचारायचे. म्हणून कारखान्याच्या निमंत्रणावर मी सगळ्यांना दहा दिवस बोलावून घेतलं. चीन दाखवू म्हटलं.

नानजिंगला तिथले लोकच भट्टी म्हणतात. सकाळी आठला शर्ट अंगाला चिकटायचा तो रात्रीपर्यंत सुटायचा नाही. धुतलेला टॉवेल दोन दिवस वाळायचा नाही.

रविवारी कारखान्यानं आम्हाला व्हॅन दिली. सोबत दुभाषी म्हणून मिस लिन नावाची मुलगी होती. तिनं कार्यक्रम आखून आणला होता. सकाळी म्युझियम, मग जेवण, संध्याकाळी तळं.

मी विचारलं, "शहराबाहेर टेकडीवर ते मोठं स्मारक आहे ना? तिथं आधी जाऊ."

"तिथं खूप पायऱ्या आहेत," मिस लिन म्हणाली. "आज ऊन फार. म्युझियममध्ये पंखे आहेत."

"नाही, टेकडीच."

तिनं एकदा बाबांकडे बघितलं आणि ड्रायव्हरला सांगितलं. पाहुण्याचा शब्द दोनदा मोडायचा नाही, ही त्यांची रीत होती. उपकरण माझ्या बॅगेत होतं. ते मी मुद्दाम घेतलं होतं. हे मी मंदालासुद्धा बोललो नव्हतो.

बाबा उत्साहात होते. पाहुणे म्हणून निघालोय म्हणून त्यांनी कोट घातला होता. खिशात कांदा होता, तो मंदानं हॉटेलच्या किचनमधून खाणाखुणा करून मिळवला होता. डोक्याला ओला दुपट्टा, कानांवरून घट्ट. नागपुरात उन्हाळाभर ते असेच हिंडायचे.

"बाबा, कोट तरी काढा," मंदा म्हणाली.

"अगं, सेहेचाळीस डिग्रीत पेपर तपासलेत मी. इथं तर अडतीसच आहे."

मिस लिननं थर्मासमधून पाणी दिलं. ते उकळलेलं, गरम होतं. तिथं सगळीकडे तसंच मिळायचं. बाबांनी पेला परत केला. "उन्हात गरम पाणी? हे कोणतं शास्त्र?" आणि मग हळूच मला, "शिवाय इथं बाथरूमची सोय कुठं असते, कोणाला विचारायचं. नकोच ते."

पायऱ्यांच्या तळाशी झाडी होती. मी उपकरण बाहेर काढलं, फडकं भिजवलं आणि फिरवायला लागलो.

"काय मोजून राहिला रे?" बाबांनी विचारलं. "खुळखुळाच आहे की तुझा!"

मी त्यांना समजावून सांगितलं. ते लगेच मास्तर झाले. "म्हणजे माठ. तेच तत्त्व. आण ती वही, मी लिहितो. तू सांग."

"तीस पॉईंट सहा," मी म्हटलं. त्यांनी इंग्रजी आकड्यांत सुबक लिहिलं, शेजारी वेळ टाकली.

आता जे लिहितोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो आकडा वाचून मला आनंद झाला. अठ्ठावीसच्या खूप वर होता. टॉवर निर्दोष होता. पण लगेच मनात आलं की चेन म्हणतील, झाडीत मोजलंत, झाडांचा ओलावा. मोकळ्यावर, उंचावर मोजायलाच हवं.

बाबा तोवर एका कट्ट्यावर बसले होते. म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी आणि अनू इथंच बसतो सावलीत."

मी म्हटलं, "चला ना बाबा. वर मला अजून एक रीडिंग घ्यायचंय. लिहायला तुम्ही हवेत."

त्यांना कामाला लावलं की ते खुलतात, हे मला माहीत होतं. ते उठले.

पायऱ्या शेकडो होत्या, रुंद, पांढऱ्या दगडाच्या. सावली कुठंच नव्हती. बाबा दर टप्प्यावर थांबायचे आणि थांबल्याचं दिसू नये म्हणून मिस लिनला काहीतरी विचारायचे. हा दगड कुठला, ही झाडं कोणती. ती सांगायची. मी पुढे होतो.

"डॅडी, आजोबा इज टायर्ड," अनघा खालून ओरडली.

"थोडंच राहिलंय," मी म्हटलं.

वर पोचून मी उपकरण फिरवलं. वारा नव्हता. "तीस पॉईंट दोन," मी वाचलं. बाबांनी लिहिलं. मी वही घेऊन बघितली आणि हसलो.

"बाबा, हे मराठीत लिहिलंत. माझा बॉस काय वाचणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घंटा झाली का रे?"

मला गंमत वाटली. चढून आल्यावर शाळा आठवली असेल, असं वाटलं. मंदानं मात्र पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. "अहो," ती म्हणाली, "अंग तापलंय. आणि कोरडं आहे."

डोक्यावरचा दुपट्टा मात्र ओलाच होता. खाली भिजवला होता तसाच, टोकातून पाणी ठिबकत होतं. चढायला अर्धा तास लागला होता आणि तो जरासुद्धा वाळला नव्हता. माझ्या हातातल्या थर्मामीटरवरच्या फडक्यासारखाच.

बाबा बसले आणि मग आडवे झाले.

मिस लिननं थर्मास उघडला. त्यात गरमच पाणी होतं. जवळच एक बाई लाकडी पेटीत, गोधडीत गुंडाळून बर्फाच्या कांड्या विकत होती. मिस लिन तिच्याशी भरभर काही बोलली. त्या बाईनं अख्खी पेटी उचलून आणली आणि मंदाच्या पुढ्यात पालथी केली. मंदानं बाबांचा कोट फाडल्यासारखा काढला आणि कांड्या त्यांच्या काखेत, मानेशी ठेवल्या. गोड पाणी त्यांच्या बनियनवर ओघळत राहिलं. अनघा दुपट्ट्यानं वारा घालत होती. तिथल्या रखवालदारांनी वेताची खुर्ची आणली आणि चौघांनी बाबांना त्या सगळ्या पायऱ्या उतरवून नेलं.

मी मागून उतरत होतो. बॅग खांद्याला होती. वही कधी आत टाकली ते आठवत नाही, पण नीट टाकली होती. पान चुरगळलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी जे शक्य होतं ते केलं. मिस्टर चेन रोज यायचे. पहिल्या दिवशी घरचा टेबल फॅन घेऊन आले आणि पलंगापाशी लावून गेले. टॉवरचा विषय त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांची किडनी बंद पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. घंटेबद्दल मला विचारलं, ते त्यांचं शेवटचं बोलणं. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

नागपूरला मोठ्या भावाला, दादाला, ट्रंक कॉल लावला. लाईन मिळायला चार तास लागले. खरखरीतून दादा ओरडून विचारत होता, "एवढ्या उन्हात वर नेलंसच कशाला?"

मी म्हटलं, "बाबांनीच हट्ट केला."

अनघा शेजारीच उभी होती.

दहन तिथंच केलं. अस्थी घेऊन मी नागपूरला गेलो. रामटेकच्या तलावावर दादा म्हणाला, "त्यांचा हट्ट तुला काय नवीन होता? स्वतःला लावून घेऊ नकोस." मी मान हलवली. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी वॉल्टरची ही मीटिंग होती.

"एकच विचारतो," वॉल्टर म्हणाला. "चेनची माणसं विचारतील. दोन ठिकाणी का मोजलंस?"

"वडिलांना वर जाऊन बघायचं होतं. गेलोच होतो, म्हणून मोजलं."

त्यानं तसंच लिहून घेतलं. पानाची झेरॉक्स नानजिंगला गेली. आकडा कोणी लिहिला, तेही आम्ही कळवलं. आठवड्यात टेलेक्सवर उत्तर आलं. हवा डिझाइनपेक्षा जास्त ओली होती हे मान्य, टॉवरमध्ये दोष नाही. शेवटची ओळ चेन यांची होती. ते पान सुधीरच्या वडिलांच्या हातचं आहे, त्याची आम्ही फेरतपासणी मागत नाही.

वॉल्टरनं माझ्याशी हात मिळवला. ऑफिसमध्ये कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढी समज सगळ्यांना होती.

त्या शनिवारी घरी अनघा टेबलाशी बसून शाळेसाठी समर व्हेकेशनचा निबंध लिहीत होती. तिनं वर न बघता विचारलं, "डॅडी, व्हाय डिड वी गो अप?"

"आजोबांना बघायचं होतं ना."

"नो," ती म्हणाली. "ही वॉन्टेड टु सिट विथ मी."

मंदा स्वयंपाकघरात होती. तिनं नळ बंद केला. अनघानं निबंधात म्युझियमबद्दल लिहिलं. आम्ही म्युझियम पाहिलंच नव्हतं.

याला तीन वर्षं झाली. ह्यूस्टनच्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कामातला एखादा अनुभव लिहा म्हणून मला सांगितलं होतं. दुसरा लिहायला बसलो, जमला नाही. हा लिहिला आणि त्याची पहिली प्रत दादाला नागपूरला पाठवली. वर एक चिठ्ठी जोडली, 'हट्ट माझा होता.' पत्र पोचायला पंधरा दिवस लागतात. आता सात आठवडे झालेत.

आमच्या कामात आकडा चुकला तर टॉवर चुकतो. माझा आकडा बरोबर होता. तो वर जायच्या आधीच, खाली झाडीत, माझ्या हातात होता. आज माझ्या हाताखाली चार तरुण इंजिनिअर आहेत. त्यांना मी उपकरण कसं फिरवायचं ते शिकवतो. मग सांगतो, रीडिंग घेतलं की वही उघडायच्या आधी आपल्याबरोबर कोण उभं आहे ते बघा. ते मान डोलावतात. त्यांना तो सेफ्टीचा नियम वाटतो, आणि मी तो तसाच राहू देतो.