मी तिच्या घरी गेलो नाही

मित्रांनो, पवनीच्या कॉलेजात मी बावीस वर्षांपासून क्रीडा संचालक आहे. आज सकाळी कोंढ्याचे एक शेतकरी धाकट्या मुलीला घेऊन मैदानावर आले.

सहा वर्षांपूर्वी त्यांनीच माझ्या संघात खेळणाऱ्या मोठ्या मुलीची कबड्डी बंद करून तिचं लग्न लावून दिलं होतं.

"सर, हिले टीममध्ये घ्या. मोठीनंच पाठवलं," ते म्हणाले.

दुपारी मी मोठीला फोन करून आभार मानले. ती शांतपणे म्हणाली, "सर, तवा तुम्ही एकदा घरी आले असते, तर बाबानं मलेही खेळू देलं असतं."

फोन ठेवून मी संघाची हजेरीवही उघडली.

सध्या संघातल्या एका मुलीचं येणं बंद झालंय. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आलो. वडील म्हणाले, "विचार करून राहिलो."

शिक्षक मित्रांनो, तुम्ही घरापर्यंत जाता का?