पाचव्या थांब्यावरची खापरी

लोणच्याची बरणी फुटली तर तुकडे उकिरड्यावर टाकावेत, शाळेत नेऊ नयेत, एवढी अक्कल मला पन्नाशी उलटेपर्यंत आली नव्हती. आता नातवंडांना मी येताजाता शहाणपण वाटत असते, पण हा मूर्खपणा त्यांच्यापासून लपवून ठेवला आहे. तो सांगायचा तर आधी ब तुकडीच्या बाईंबद्दल सांगायला हवं, कारण अख्ख्या रत्नागिरीत मी त्यांच्याइतका हेवा कुणाचाच केला नाही. माझ्या धाकट्या जावेचासुद्धा नाही, आणि तिचे केस तर गुडघ्यापर्यंत होते!

आम्ही दोघी आठवीला इतिहास शिकवायचो. मी अ तुकडीला, त्या ब तुकडीला, मध्ये एक लाकडी पार्टिशन. माझी पद्धत सरळ होती. धडा वाचायचा, उत्तरं सांगायची, पोरांनी ती उतरून घ्यायची. पंचवीस वर्षं माझी एकच वही होती. तिची पानं इतकी पिवळी पडली होती की खरं तर तीच एखाद्या संग्रहालयात ठेवायची. मी मात्र स्वतःला विदुषी समजायचे, आणि वर्गात जांभया आल्या की खिडकीतून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला दोष द्यायचे.

पार्टिशनपलीकडे मात्र टिंग टिंग वाजायचं. ब तुकडीच्या बाईंचे वडील एस.टी.त कंडक्टर होते, राजापूरच्या गाडीवर. त्यांची तिकिटं पंच करायची चिमटी बाईंच्या पर्समध्ये कायम असे. वर्गातली बाकं भिंतीला लावून त्यांनी पाच कोपरे केले होते, त्यांना त्या ‘थांबे’ म्हणायच्या. एका थांब्यावर जुना दस्त, एकावर मिरी-लवंग, एकावर कुणाच्या तरी आजोबांचा गलबतावरच्या तांडेलकीतला होकायंत्राचा डबा. दहा मिनिटं झाली की बाई वर्गात टांगलेल्या एस.टी.च्या घंटीची दोरी ओढायच्या आणि पोरं पुढच्या थांब्याला. प्रत्येकाकडे एक कार्ड. पण त्याला भोक कशाबद्दल, तर वस्तूला चांगला प्रश्न विचारला तर! “उत्तराला भोक नाही हो,” त्या म्हणायच्या, “उत्तरं काय, बाजारात गाइड मिळतं.”

वस्तू मिळवण्यात त्यांना लाज म्हणून नव्हती. मासळीबाजारात सुरमईचा भाव करता करता बाई कुणा म्हातारीच्या तराजूचं वजन मागून आणायच्या. एकदा तर मुख्याध्यापकांची खुर्चीच उचलून नेली. सर बसायला आले तर जागा रिकामी. शोधत ब तुकडीत गेले, तेव्हा पोरं खुर्चीच्या हातावरची झीज पट्टीने मोजत होती. एका पोरीने विचारलं, “सर, उजवा हात जास्त झिजलाय. आधीचे सर त्यावर मूठ आपटायचे काय?” सरांनी तास संपेपर्यंत उभं राहून साक्ष दिली.

हे सगळं मी पार्टिशनला कान लावून ऐकायचे, आणि माझी पोरंही. चाचणीला माझ्याच वर्गातल्या एकाने उत्तराऐवजी मला चार प्रश्न लिहून दिले, तेव्हा माझं पित्त खवळलं. त्यात मुख्याध्यापक म्हणाले, “पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांचा इतिहास त्यांनाच द्यावा म्हणतो. तुम्ही कार्यानुभव घ्या. शुक्रवारी त्यांचा तास बघतो नि ठरवतो.” कार्यानुभव! म्हणजे उरलेली वर्षं मी क्रेपच्या कागदाची फुलं करायची!

पाचव्या थांब्यावर बाईंची लाडकी वस्तू असे. पूर्णगडच्या किनाऱ्यावर सापडलेली चिनी मातीची खापरी, जुन्या गलबतातून आलेल्या भांड्याचा तुकडा, पांढऱ्यावर निळी रेघ. त्याच आठवड्यात माझी लोणच्याची बरणी फुटली होती, तीही पांढऱ्यावर निळी. झालं! शुक्रवारी प्रार्थना चालू असताना मी हळूच ब तुकडीत शिरले, त्यांची खापरी माझ्या पर्समध्ये टाकली आणि माझी तिथे ठेवली. पोरं माझ्या बरणीला गलबतातून आणतील, सरांसमोर फजिती होईल, आणि माझा इतिहास माझ्याकडे राहील. असा बेत.

तास सुरू झाला. मी पार्टिशनच्या फटीशी. पाचव्या थांब्यावर एका खारव्याच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोरीने खापरी उचलली. “बाई, ही टोचते. समुद्रातली टोचत नाय. लाटा धार ठेवतात होय?” चिमटीचा आवाज आला. दुसरी म्हणाली, “हिला वास कसला येतोय? लोणच्याच्या खाराचा?” पुन्हा चिमटी. तिसरीने तर कहरच केला. “मेथी जास्त पडलेय. अ तुकडीच्या बाईंच्या डब्याला येतो ना, तस्साच वास!”

मुख्याध्यापक खाकरले, ते लोणचं त्यांनीही वर्षानुवर्षं खाल्लं होतं. मग बाईंचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. “कुणाची ते राहू दे. ही इथे का आली असेल, ते विचारा बघू.” मग ती खारव्याची पोर म्हणाली, “बाई, त्यांना पण यायचं असेल. आपण कधी बोलावलंय काय त्यांना?”

या वेळी चिमटी वाजली नाही. टिंग टिंगही झालं नाही.

आता बाई हेदवीला मुलाकडे असतात, फोनवर त्यांना फारसं ऐकू येत नाही. चिमटी माझ्याकडे आहे, निवृत्त होताना त्यांनीच दिली. तिची स्प्रिंग गंजली आहे, तरी नातीने चांगला प्रश्न विचारला की मी वर्तमानपत्राच्या कोपऱ्याला एक भोक पाडते. पण ‘ही इथे का आली असेल’ हा बाईंचा प्रश्न मला स्वतःला सुचला असता का, असं वाटून होणारा हेवा अजून गेलेला नाही.

त्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. माझी खापरी रुमालात बांधून आणली होती. मी मान खाली घालून पर्समधली त्यांची काढून दिली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. माझा डबा पुढे ओढला, लोणच्याची फोड उचलली आणि म्हणाल्या, “सरांना मी सांगितलंय, अ तुकडीचा इतिहास मला नको, तो तुमचाच. सोमवारी पार्टिशन तेवढं काढून घेऊ. सहावा थांबा तुमचा. आणि मेथी खरंच जास्त पडलेय हो, बाई.”