डबा पोचेल असा दवाखाना

भूमच्या बाजारादिवशी आरोग्य विम्याच्या एजंटकडं एक मावशी माझ्या शेजारी बसली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. एजंट तिला दोन योजना समजावत होता. एकीत पुण्याचे मोठे दवाखाने, दुसरीत सोलापूर वगैरे जवळपासचे मोजके. मांडीवरची भाजीची पिशवी सावरत तिनं विचारलं, "बार्शीचा कशात हाय?"

"दुसरीत. पण मावशी, त्यात कव्हर लई कमी हाय."

"असू द्या. बार्शीला लेक दिलीय माझी. डबा तिथनं येईल."

मला हसू आलं. मी पुण्याची योजना पक्की केली होती. तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "पुण्यात तुमचं कोण हाय?"

एजंट म्हणाला, "सर, ओटीपी सांगा."

"थांबा जरा," म्हणत मी बायकोला फोन लावला. "अगं, सोलापुरात आपलं कोण आहे?"