ओट्यावरचा विक्रीकर

माझी मोठी जाऊ आर्व्हेला झाडू बांधते. असं सांगितलं की लोक नाक मुरडतात. मुरडू द्या. तिच्या हातचा झाडू पंधरा वर्षं खिळखिळा होत नाही, आणि ओहायो नदीच्या आमच्या काठावर तसा बांधणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. नवरा गेल्यावर तिनं स्वतःच्या नावानं विक्रीचा परवाना काढला. थोडे झाडू ती जत्रेत आणि घराच्या ओट्यावर विकते. बाकीचे सगळे इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात जातात.

गेल्या एप्रिलात राज्याच्या कर खात्याचं पत्र आलं. तीन वर्षांत विक्री एवढी, पण विक्रीकर भरला तो जेमतेम पाचव्या हिश्श्यावर. खुलासा करा, नाहीतर परवाना रद्द.

माझी तर पाचावर धारण बसली. म्हटलं, "सरकारशी कोण भांडणार? मागतील ते भर आणि मोकळी हो."

"भरलं म्हणजे चोरी कबूल केली."

"अगं, चुकलं असेल कुठेतरी."

"मॅक्सीन, तुला तसं वाटतं?"

मी नजर चुकवून पत्राची घडी घातली. खरं सांगायचं तर वाटत होतं.

मंगळवारी प्रूइट नावाचा तपासनीस आला. आर्व्हेलानं कॉफी आणि मक्याचा गरम पाव पुढे ठेवला. "खा. लाच नाही ही, दारात येईल त्याला देते."

मग वह्या काढल्या. "इंटरनेटवर विकलं त्याचा कर तो बाजारच गिऱ्हाइकाकडून घेतो आणि ज्या त्या राज्याला परस्पर भरतो. कायदाच आहे तसा. हे त्यांचे कागद. तोच कर मी पुन्हा भरू? जत्रेत आणि ओट्यावर विकलं त्याचा तेवढा माझ्याकडे. तो या वहीत."

आमच्याकडे ओळखीत रोख दिले की कर सोडतात. आर्व्हेला सोडत नाही, म्हणून चर्चमधल्या बायका तिला 'गव्हर्नरीणबाई' म्हणतात. मीसुद्धा म्हणते.

प्रूइट वाचत होता. "पाद्रीबाई, एक झाडू, कर घेतला. मॅक्सीन, शेकोटीचा लहान झाडू, कर घेतला." त्यानं मान वर केली. "या मॅक्सीन कोण?"

"ही काय, बसलीय. माझी जाऊ."

"घरच्यांकडूनही घेता?"

"घेते तर! चार दिवस बोलत नव्हती माझ्याशी."

"सहा," मी म्हटलं.

त्यानं बाजाराचे कागद आणि वह्या ओळीनओळ ताडून पाहिल्या. दुपार झाली. शेवटी म्हणाला, "काही बाकी नाही. खात्याकडून पत्र येईल तसं."

"येईल तेव्हा येईल. तुम्ही आत्ता लिहा."

त्यानं लिहून सही केली.

"वाचा."

"विक्री आणि कर तपासला. एकही डॉलर बाकी नाही."

"आता पुन्हा, जरा मोठ्यानं."

"ते का?"

"हिला ऐकू जाऊ दे."

प्रूइटनं माझ्याकडे वळून वाचलं. मी खाली मान घालून ऐकलं, आणि अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला की माफी मागायचंसुद्धा सुचेना.